फाइल इंग्रजीत, पण आजाराची माहिती मराठीत

रिसोड तालुक्यात माझं मेडिकल आहे. मुंबई-नागपूरला कॅन्सरचा इलाज सुरू करून माणसं गावी परतली, की त्यांची फाइल माझ्या काउंटरवर उघडते. ती जाडजूड असते आणि सगळी इंग्रजीत. डॉक्टरांनी समजावलेलं असतं. पण तेव्हा घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. प्रश्न सुचतात ते परतीच्या गाडीत.

आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ साली आलं. तरी कॅन्सरच्या मोठ्या इलाजासाठी बहुतेकांना अजून लांबच जावं लागतं. अशा वेळी घरात बसून वाचता येईल अशी खात्रीची मराठी माहिती फार मोलाची ठरते.

ती आहे. मुंबईच्या ‘जासकॅप’ या संस्थेने कॅन्सरवरच्या पुस्तिका मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत आणून इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. मूळ पुस्तिका ब्रिटनमधल्या ‘बॅकअप’ संस्थेच्या. डॉ. व्हिकी क्लेमेंट-जोन्स यांनी ती संस्था १९८५ साली काढली. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णही. रुग्णाला साध्या शब्दांत माहिती मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९८७ साली त्या गेल्या. त्यांचं काम आज आपल्याकडच्या खेड्यांतही उपयोगी पडतंय.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका बाईंची केमोथेरपी सुरू होती. आठवडाभराने त्यांना ताप भरला. नवरा दुकानात आला आणि तापाची गोळी मागू लागला. सोबत बारावीतली मुलगी होती. ती म्हणाली, “गोळी नको काका, आधी थर्मामीटर द्या. मोबाइलात वाचलं मी, ताप आला तं दवाखान्यातच न्या म्हणून लिहेल हाय.” ताप १०१ निघाला. त्याच रात्री ते अकोल्याला गेले आणि बाई सावरल्या.

मुलीचं बरोबरच होतं. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्याच आपल्याला जंतुसंसर्गापासून वाचवतात. म्हणून केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर लगेच दवाखाना गाठायचा. गोळीने ताप उतरतो, पण आतला संसर्ग वाढत राहतो आणि जिवावर बेतू शकतं.

इतर आजारांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘विकासपीडिया’ या वेबसाइटवर मराठी विभाग आहे. डॉ. श्याम अष्टेकरांनी तर ‘भारतवैद्यक’ हे पुस्तक मुळातच मराठीत लिहिलं. हल्ली घरोघरी मोबाइल आहे. आजीला वाचता येत नसेल, तर नातू वाचून दाखवतो. माझ्याकडे येणारे लोक आता पुस्तिकेतले प्रश्न वहीत उतरवून पुढच्या तारखेला डॉक्टरांपुढे ठेवतात.

एक पथ्य मात्र पाळा. माहिती कोणाची आणि कोणत्या साली तपासलेली, हे आधी बघा. उपचार बदलत असतात. वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू किंवा बंद करू नका.

दवाखान्यांना माझी विनंती आहे: सुट्टी देताना फाइलीत मराठी माहितीचा एक कागद लावा. आणि वाचकहो, तुमच्या गल्लीत कोणाचा असा इलाज चालू असेल, तर त्यांच्या घरी जा, पुस्तिका उघडून द्या, गरज पडली तर मोठ्याने वाचून दाखवा.