शेतावरील दुर्बीण : मध्यम किमतीत कोणती घ्यावी ?

मध्यप्रांताच्या काळात नागपूरकडील शिकारी मंडळींच्या गळ्यात दुर्बीण असे, ती सावज हेरण्यासाठी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपविला. पिकाची नासाडी करणारे रोही किंवा रानडुक्कर असले, तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्यास मारता येत नाही. परंतु जनावर दुरून ओळखण्याची गरज मात्र संपलेली नाही. पेंच व उमरेड-कऱ्हांडला ह्या जंगलांच्या कडेला ज्यांची वावरे आहेत, त्यांस तर ती रोजचीच आहे.

ह्या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून ‘20×50’ आकड्यांची एक स्वस्त दुर्बीण घेतली. आकडा मोठा म्हणून वस्तू चांगली, असा आमचा समज होता. एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास तुरीच्या कडेला पिवळसर पाठ दिसली. दुर्बिणीतून पाहिले, तो सारेच अंधुक व थरथरते. रोह्याची मादी असावी असे समजून गड्यासह हाकलण्यास बांधापर्यंत गेलो, तेव्हा ते जनावर उठले. ती वाघीण होती. ती निमूटपणे नाल्यात उतरली, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही उरलो. दुर्बीण निवडताना झालेली चूक किती महागात पडू शकते, हे वाचकांनी ह्यावरून जाणावे.

आकड्यांचा अर्थ.— दुर्बिणीवर 8×42 असे लिहिलेले असते. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो. 240 मीटरांवरील रोही 30 मीटरांवर असल्याप्रमाणे दिसेल. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. 8×42 मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, 10×42 मध्ये 4.2, आणि 20×50 मध्ये अवघी अडीच. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. उतारवयात ती 5 च्या आसपास राहते. जनावरे वावरात उतरतात ती तिन्हीसांजेस व पहाटे. त्या वेळी अडीच मिलिमीटरांच्या झोतापेक्षा सव्वापाच मिलिमीटरांचा झोत सुमारे चौपट उजेड देतो. शिवाय वीस पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही वीस पट वाढतो. म्हणून तिवईवाचून ती निरुपयोगी होय.

आमची शिफारस.— सामान्य शेतकऱ्याने 8×42 घ्यावी. तिच्यातून 1000 मीटरांवर सुमारे 120 ते 140 मीटर रुंदीचा पट्टा एकदम दिसतो, त्यामुळे हलते जनावर लवकर सापडते. हात स्थिर असून रान मोकळे व विस्तीर्ण असेल, तर 10×42 चालेल. 8×32 हलकी खरी, पण ती दिवसाउजेडी वापरावयाची. ‘झूम’ प्रकारची दुर्बीण ह्या किमतीत घेऊच नये.

पैसा कशास पडतो.— मध्यम किंमत म्हणजे आज साधारण दहा ते पंचवीस हजार रुपये. हा पैसा भिंगांवरील लेप, आतील लोलक व हवाबंद बांधणी ह्यांस पडतो. खांदे बाहेर आलेली जुन्या धाटणीची दुर्बीण त्याच पैशात बहुधा अधिक स्वच्छ चित्र देते. मात्र ती पुष्कळदा जलरोधक नसते. सरळ नळ्यांची, नायट्रोजन वायू भरलेली दुर्बीण आपल्याकडील पावसाळ्यास अधिक टिकते. दमट हवेने आत बुरशी धरली की भिंग वाया गेलेच म्हणून समजावे.

दुकानात घ्यावयाची परीक्षा.— सीताबर्डीच्या दुकानात जाल तेव्हा घाई करू नका. पुढचे भिंग दिव्याखाली तिरपे धरावे. प्रतिबिंब मंद हिरवट वा जांभळट दिसले तर लेप चांगला, पांढरेशुभ्र दिसले तर लेप नाही. माणकासारखे लालभडक भिंग हा केवळ देखावा होय. मग दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडील भिंगात प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल असावे, कडा कापलेल्या नसाव्यात. त्यानंतर दूरच्या तारेकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावे. एका तारेच्या दोन दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला, तर ती परत करावी. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह पूर्ण वर्तुळ दिसते की नाही हे पाहावे. भिंगापासून डोळ्याचे अंतर निदान 15 मिलिमीटर ठेवता आले पाहिजे. शक्य तर संध्याकाळीच जाऊन पाहावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये. डोळा कायमचा जाईल.

वापर व निगा.— प्रथम उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या बाजूच्या कड्याने उजव्याचे जुळवावे. कड्याची ती खूण ध्यानात ठेवली म्हणजे पुढे केवळ चाक फिरविणे पुरते. भिंगावरील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, धोतराच्या सोग्याने पुसू नये. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावी.

शेवटी एकच विनंती. गड्यास वावरात पाठविण्यापूर्वी बांधावरून किंवा माळ्यावरून पाच मिनिटे सारे शेत न्याहाळावे. रोही वा डुकरे दिसल्यास त्यांची संख्या व वेळ टिपून ठेवावी. नुकसानीच्या पंचनाम्यास ती उपयोगी पडते. वाघ दिसल्यास, किंवा जे दिसते ते काय आहे ह्याचा निश्चय न झाल्यास, त्या वेळी वावरात पाऊल टाकू नये व वनरक्षकास कळवावे. दुर्बीण घ्यावयाची ती जनावराच्या जवळ जाण्यासाठी नव्हे, तर दूर राहण्यासाठी.