सोनोग्राफीचा अनिश्चित अहवाल आणि वैद्याचे कर्तव्य

गर्भधारणेची चाचणी घरच्या घरी होऊ लागल्यापासून पाळी चुकताच आठ-दहा दिवसांत सोनोग्राफी करून घेण्याचा प्रघात वाढला आहे. ‘सॅक दिसते, ठोके दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी’ अशा आशयाचा अहवाल घेऊन रुग्णा पुष्कळदा आपल्या परिचयाच्या वैद्यांकडे येते. गर्भ आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या दिवशी कोणापाशीच नसते. अशा वेळी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, काय टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनिश्चितता का?

योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत साधारणतः पाचव्या आठवड्यात जेस्टेशनल सॅक, साडेपाच आठवड्यांच्या सुमारास योक सॅक आणि सहा आठवड्यांच्या सुमारास हृदयस्पंदनासह गर्भ दिसू लागतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात व बीजोत्सर्ग चौदाव्या दिवशी झाला असे गृहीत धरले जाते. ज्या स्त्रीचे ऋतुचक्र ४२ दिवसांचे आहे, तिचे गणिताने सात भरलेले आठवडे प्रत्यक्षात पाचच असू शकतात. चरकाचार्यांनी प्रथम मासातील गर्भाचे अवयव सत् व असत् अशा उभय स्वरूपांत वर्णिले आहेत. अव्यक्त म्हणजे अभाव नव्हे, हा त्यातील बोध येथे उपयोगी पडतो.

निदानाचे निकष

पूर्वी अनेक ठिकाणी ५ मि.मी. लांबीच्या गर्भात स्पंदन नसल्यास, अथवा १६ मि.मी. सरासरी व्यासाच्या सॅकमध्ये गर्भ न दिसल्यास, गर्भ नष्ट झाल्याचे मानीत. या मापांवर क्वचित जिवंत गर्भही मृत ठरू शकतो, हे ध्यानी आल्यावर अमेरिकेतील सोनोग्राफीतज्ज्ञांच्या २०१२ च्या परिषदेत कडक निकष ठरले व २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यानुसार गर्भाची लांबी, म्हणजे अहवालातील सी.आर.एल., ७ मि.मी. वा अधिक असून स्पंदन नसल्यास, किंवा सॅकचा सरासरी व्यास २५ मि.मी. वा अधिक असून गर्भ नसल्यासच निश्चित निदान करावे. पहिल्या तपासणीत योक सॅकविना सॅक दिसली असेल, तर किमान १४ दिवसांनी आणि योक सॅकसह दिसली असेल, तर किमान ११ दिवसांनीही स्पंदनयुक्त गर्भ न दिसणे, हाही निश्चित निकष होय. त्यामुळे दुसऱ्या तपासणीची तारीख तज्ज्ञाने हेतुपूर्वक दिलेली असते. रुग्णेच्या आग्रहाखातर ती अलीकडे आणल्यास बहुधा तोच संदिग्ध अहवाल पुन्हा हाती येतो.

प्रतीक्षाकाळातील उपचार

गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, न हिंदकळता सांभाळावे, असा चरकोपदेश आहे. या दिवसांत तो मनासही लागू करावा. ‘काही होत नाही, सगळे ठीक होईल’ असे आश्वासन देऊ नये, तसेच ‘आता आशा नाही’ असेही म्हणू नये. दोन्ही शक्यता पतीच्या समक्ष सोप्या शब्दांत सांगाव्यात. आरंभीच्या गर्भस्रावांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असते. प्रवास, जिना किंवा घरकाम यांचा दोष तिच्या माथी मारला जात असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना तसे समजावून सांगावे. संपूर्ण अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, असे सिद्ध झालेले नाही. साधे दूध, सात्म्य आहार आणि चालू असलेले फॉलिक ॲसिड पुरेसे आहे.

केवळ अहवालाच्या भीतीने नवे रसकल्प सुरू करू नयेत. पुढे स्पंदन दिसले, तर ते बहुधा दिवस भरल्यामुळे दिसते. त्याचे श्रेय कल्पास देणे अशास्त्रीय होय. न दिसल्यास औषध घेण्यात आपलेच काही चुकले, असा सल रुग्णेच्या मनात राहतो.

तातडीची लक्षणे

गर्भाशयात सॅकच दिसली नसेल, तर गर्भ नलिकेत असण्याची शक्यता धरूनच चालावे. एका बाजूस तीव्र पोटदुखी, खांद्यात वेदना, भोवळ किंवा अति रक्तस्राव झाल्यास चिकित्सेत वेळ न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. स्त्रीचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्यास रक्तस्राव होताच स्त्रीरोगतज्ज्ञांस कळवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

अनिश्चित अहवाल दाखवून कोणी गर्भपाताच्या गोळ्या मागितल्यास त्या देऊ नयेत. त्या चिठ्ठीवाचून विकणे बेकायदेशीर आहे. आणि १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने आयुर्वेद पदवीधरास त्या लिहून देण्याचा अधिकार दिलेला नाही. येथे जिवंत गर्भ गमावण्याचा धोका आहेच. शिवाय गर्भ नलिकेत असल्यास या गोळ्यांनी तो निघत नाही आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावात खरे लक्षण झाकले जाते.

वैद्यबंधु-भगिनींनी केसपेपरवर शेवटची पाळी, ऋतुचक्राचे दिवस, अहवालातील मापे व पुढील तपासणीची तारीख नोंदवून ठेवावी आणि त्या तारखेनंतर, अहवाल कोणताही येवो, रुग्णेस पुन्हा भेटीस बोलवावे.