झिजलेल्या भोकाचा मूळ मध्य

कोळसा खाणीत एखादा शंभर टनी एक्सकॅव्हेटर काम सोडून बाजूला उभा दिसला, की बघणाऱ्याला इंजिनाची किंवा हायड्रॉलिक पंपाची शंका येते. पण अनेकदा ते दोन्ही धडधाकट असतात. बिघडलेलं असतं एक भोक. बूम, स्टिक आणि बकेट यांना जोडणाऱ्या पिना ज्या भोकांत बसतात, त्यांतलं एखादं लंबगोल झालेलं असतं. बूमच्या पायथ्याशी दोन भोकांमध्ये मीटरभर अंतर आणि बकेटचे दात तिथून बारा मीटर पुढे, असा हिशेब धरला तर पायथ्याशी मिलिमीटरभर ढिलेपणा दातांपर्यंत पोचताना बारा मिलिमीटर होतो. बकेट डावी-उजवीकडे लचकायला लागते, प्रत्येक घावाला सांध्यावर हादरा बसतो आणि त्या हादऱ्याने भोक आणखी वाढतं.

खरं तर झिजायचं काम बुशचं. पिन आणि बूमचं मूळ पोलाद यांच्यामध्ये बुश घालतात ती याचसाठी, म्हणजे खराब झाली की काढून फेकता येते. पण ग्रीस पोचलं नाही आणि धूळ आत शिरली, तर पिन बुशला घट्ट धरते आणि बुशसकट फिरू लागते. मग पोलाद पोलादावर घासतं आणि जे कधीच झिजायला नको होतं ते मूळ भोक झिजतं. विदर्भातल्या खुल्या खाणींत हे व्हायला फार काही लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात कोळशाची भुकटी आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन. ग्रीसची नळी तुटली तर ते पाळीच्या शेवटापर्यंत कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.

बूम उतरवून वर्कशॉपला नेता येतो, पण त्याचा खटाटोप मोठा. आठ-दहा टनांचा बूम उतरवायला क्रेन हवी, न्यायला ट्रेलर हवा. शिवाय हायड्रॉलिकच्या नळ्या धुळीत उघडाव्या लागतात, म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं आत सोडण्यासारखं. पायथ्याची जी भोकं मशीनच्या सांगाड्यातच असतात, ती न्यायची तर सगळी मशीनच न्यावी लागेल. सिंगरौलीच्या कोळसा खाणीतल्या ड्रॅगलाइन या अजस्र खोदयंत्राच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. चोवीस घनमीटरची बकेट आणि शहाण्णव मीटरचा बूम असलेलं ते यंत्र खाणीतच जोडलेलं असतं आणि खाणीतच पावलं टाकत पुढे सरकतं. त्याला कोणत्या वर्कशॉपच्या दारातून आत घेणार?

म्हणून भोक आतून कापून गोल करणारं बोरिंगचं यंत्रच खाणीत येतं. एका पिकअपमध्ये मावेल एवढा त्याचा पसारा असतो. त्यात अडीच-तीन इंच जाडीचा सरळ घासलेला पोलादी बार, त्याला आधार देणाऱ्या बेअरिंग, फिरवायला एक मोटर, पुढे सरकवायला फीडचं युनिट आणि बारच्या छिद्रात बसणारं एक छोटं कटिंग टूल. बार भोकांच्या आरपार जातो, दोन्ही टोकांना आधार घेतो आणि फिरत फिरत दोन्ही भोकं एकाच रेषेत कापतो. याला लाइन बोरिंग म्हणतात.

ही कल्पना अडीचशे वर्षं जुनी आहे आणि तिचं कोळसा खाणीशी नातंही तेवढंच जुनं. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाला नीट गोल सिलिंडर मिळत नव्हता. तेव्हाच्या बोरिंग यंत्रात बारला एकाच बाजूने आधार असे, त्यामुळे टूल ओबडधोबड ओतीवाच्या वाकड्या वाटेनेच जाई. जॉन विल्किन्सनने 1775 च्या सुमाराला बार सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना टेकवला. आता टूल आधीच्या भोकाचं ऐकेना, ते बारचं ऐकू लागलं. पन्नास इंची सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षाही कमी आली, असं वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नोंदवलं आहे. वॅटच्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी एक 1776 मध्ये सुरू झालं ते टिप्टनजवळच्या ब्लूमफिल्ड खाणीत, पाणी उपसायला. ती खाणही कोळशाचीच.

टूल बारचं ऐकतं हे खरं, पण बार कुठे ठेवायचा हे कोण सांगणार? माझ्या मते या कामातलं खरं कसब इथे आहे, आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. बघणाऱ्याचे डोळे ठिणग्यांवर आणि निघणाऱ्या किसावर खिळतात, पण तोपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. झिजलेलं भोक आपल्या मध्याबद्दल खोटं बोलतं. झीज चारी बाजूंनी सारखी होत नाही, ज्या बाजूला भार येतो तिकडे भोक सरकत जातं. त्या लंबगोलाचा मध्य काढून तिथे बार बसवला, तर भोक अगदी गोल आणि गुळगुळीत होईल, पण चुकीच्या जागी. मशीन जोडताना पिन एका भोकातून जाईल आणि दुसऱ्यापाशी अडेल. घणाने ठोकून घातलीच तर नव्या बुशच्या फक्त कडेवर भार येईल आणि काही महिन्यांत पुन्हा तेच गाऱ्हाणं.

भूमापक जसा नांगरलेल्या बांधावर विश्वास न ठेवता हद्दीचा पुरलेला दगड हुडकतो, तसा अनुभवी मिस्त्री न झिजलेली जागा शोधतो. भाराच्या उलट बाजूला मूळ पृष्ठभागाची एखादी चंद्रकोर शिल्लक असते. सील बसायच्या खाचेला पिनचा स्पर्शच झालेला नसतो, तीही कामी येते. दुसऱ्या कानाचं, म्हणजे पिन पेलणाऱ्या समोरच्या पोलादी पाळीचं भोक चांगलं असेल तर तेच प्रमाण धरतात. काहीच उरलं नसेल तर शेजारच्या सांध्यापासूनची अंतरं घेऊन मध्य काढावा लागतो. मग तार ताणून किंवा लेसर लावून आधाराच्या बेअरिंग जागेवर टाचून घेतात, आणि बार एकदा हाताने फिरवून डायल पाहतात, आणि पुन्हा पाहतात.

त्यानंतर भोक भरायचं. ज्याला मोठं करायचं नाही, पुन्हा मूळ मापाला आणायचं आहे, त्याला आधी छोटं करावं लागतं. पूर्वी वेल्डर हात आत घालून रॉडने थर चढवायचा, आता त्याच बारच्या रेषेत फिरणारं बोअर वेल्डिंगचं यंत्र वायर सोडत गोल गोल थर देतं. पोलाद आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर थंड जाड धातू वेल्डिंगची उष्णता झटकन ओढून घेतो आणि कडेला तडा जातो. वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप कामाच्या अगदी जवळ लावायचा, हा साधा नियम मोडला तर करंट मशीनच्या फिरत्या बेअरिंगमधून किंवा सिलिंडरमधून वाट काढतो आणि तिथे चटके देऊन जातो. बॅटरी आणि कंट्रोलरची जोडणी आधी सोडवली नसेल तर तो फटका निराळाच.

कापताना पहिला फेरा उड्या मारत जातो, कारण वेल्डिंगचा पृष्ठभाग उंचसखल असतो. दीडशे मिलिमीटरच्या भोकाला चाळीस मायक्रॉनची सूट असेल, तर ते साधण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक म्हणजे बारचं वाकणं. आधारांतलं अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच जोराला बार आठपट वाकतो, म्हणून मध्ये आणखी एक आधार घ्यायचा आळस परवडत नाही. दुसरी, ऊन. मीटरभर पोलाद प्रत्येक अंशाला सुमारे बारा मायक्रॉन वाढतं. बूमची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर बूम किंचित वाकलेलाच असतो, आणि दुपारी साधलेली सरळ रेषा रात्री सरळ राहत नाही. त्यामुळे मे महिन्यात शेवटचा फेरा पहाटे घेणं शहाणपणाचं. मायक्रोमीटरसुद्धा गाडीच्या डॅशबोर्डवर न ठेवता कामाशेजारी सावलीत ठेवतात, म्हणजे दोघांचं तापमान एक. शेवटच्या फेऱ्यात टूल मध्येच थांबलं तर भोकात रेघ उमटते. ब्लास्टिंगचा भोंगा झाला की मात्र सगळं सोडून निघावंच लागतं, त्यामुळे तो फेरा सुरू करण्याआधी खाणीच्या माणसाला ब्लास्टिंगची वेळ विचारणं हाही या कारागिरीचाच भाग.

नवी बुश द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. उणे 196 अंशांना दीडशे मिलिमीटरची पोलादी बुश सुमारे तीन दशांश मिलिमीटर आकसते आणि हाताने ढकलली तरी भोकात जाते. मात्र तिरकी गेली तर संपलं. काही क्षणांत ती गरम होऊन जागीच जाम होते आणि मग कापूनच काढावी लागते.

याला स्वस्तातला पर्यायही सर्रास चालतो. ढिल्या बुशभोवती पत्रा गुंडाळून ती ठोकून बसवायची, किंवा कडेला दोन-चार टाके वेल्ड मारून मशीन कामाला लावायची. डंपरांची रांग लागलेली असताना शिफ्टच्या इंजिनिअरने असं केलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण महिनाभराने तो पत्रा भोक अधिक खाऊन बसतो, आणि टाक्यांच्या मुळाशी निघालेली भेग कानापर्यंत पोचली तर बोरिंगऐवजी आख्खा कान बदलायची पाळी येते. मशीन चालवून भोक बिघडतं, तसं ती नुसती उभी ठेवूनही बिघडतं; गोव्यात ही दुसरी बाजू दिसली. तिथलं लोहखनिजाचं काम 2012 मध्ये थांबलं आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद झालं. उभ्या मशीनचं भोक घासत नाही, पण कोकणी पावसाच्या माऱ्यात ग्रीस टिकत नाही आणि पिन गंजून भोकाला चिकटते. अशी पिन काढायला गॅसने कापावी लागली, तर भोकाचीही धडगत नसते.

या कामाचा दर सहसा भोकाचा व्यास, लांबी आणि संख्या यांवर ठरतो. मध्य शोधण्यात गेलेल्या तासांची त्यात वेगळी ओळ नसते, म्हणून घाईचा ठेकेदार नेमके तेच तास वाचवतो. भोक चकचकीत दिसतं, पाहणारा सही करतो. भोकात तीन वेगवेगळ्या खोलीवर, दोन दिशांनी घेतलेली मापं, दोन भोकांच्या रेषेतला फरक आणि माप घेतानाचं तापमान, एवढी एका पानाची नोंद बिलासोबत मागितली तर खाणीला काहीच जास्त खर्च येणार नाही. चांगले मिस्त्री ती आपल्या वहीत आताही लिहून ठेवतात, कारण दोन वर्षांनी तीच मशीन पुन्हा आली तर मध्य कुठून धरला होता हे त्यांना पुन्हा शोधायचं नसतं.