मनोरा का पडला? : संगणकीय कोडे-खेळांच्या आकर्षणाविषयी

मोबाईलवरील खेळ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : परीक्षा तोंडावर आली आहे, पुस्तक पालथे पडले आहे आणि चिरंजीव गोळ्या झाडण्यात दंग आहेत. हे चित्र खोटे आहे असे कोण म्हणेल? परंतु सर्वच खेळ एका माळेचे मणी नाहीत. मारामारी नाही, घाई नाही, गुणांची चढाओढ नाही, असाही खेळांचा एक प्रकार आहे. त्यात दोरी, चेंडू, फळी, पाणी, उतार अशा साध्या वस्तू पडद्यावर दिसतात आणि त्या खऱ्या वस्तूंप्रमाणेच पडतात, घरंगळतात, झुलतात. त्यांच्या साहाय्याने एखादे कोडे सोडवायचे असते. विद्यार्थीच नव्हे, तर दिवसभर कामाने शिणलेली मोठी माणसेसुद्धा रात्री अर्धा तास असे एखादे कोडे घेऊन बसतात आणि उठताना त्यांचे डोके हलके झालेले असते. हे असे का होते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा खेळ घेऊ. अमेरिकेत काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांनी मिळून तो तयार केला व २००८ च्या ऑक्टोबर महिन्यात तो बाजारात आला. त्याचे मूळ एका विद्यार्थी-उपक्रमात आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी २००५ साली असे ठरविले, की प्रत्येकाने एकट्याने, सात दिवसांच्या आत, एक छोटा खेळ पुरा करायचा. गॅब्लर हा त्यांपैकीच एक. त्या वेळी त्याने केलेल्या मनोऱ्याच्या छोट्या खेळातून पुढे हा मोठा खेळ उभा राहिला.

यात डांबरासारखे काळे, चिकट, डोळे मिचकावणारे गोळे असतात. एक गोळा उचलून दुसऱ्या दोन गोळ्यांजवळ धरला की तो त्या दोघांशी काड्यांनी जोडला जातो आणि एक त्रिकोण तयार होतो. त्रिकोणावर त्रिकोण रचत दूरच्या नळीपर्यंत पोहोचायचे आणि उरलेले गोळे त्या नळीतून सुखरूप बाहेर काढायचे, एवढेच काम. मात्र मनोरा उंच होऊ लागला की तो डुलायला लागतो. एका बाजूला भार जास्त झाला की तो कलतो, आणि आपण पाहत असतानाच हळूच जमिनीवर आडवा होतो. तेव्हा कोणी ओरडत नाही की हिणवत नाही. पुन्हा रचायचा. उलट या खेळात पडद्यावर काही पांढऱ्या माशा उडत असतात, त्यांना बोट लावले की शेवटची चाल मागे घेता येते.

चार-दोन मनोरे पडल्यावर खेळणाऱ्याच्या लक्षात येते, की चौकोन दाबला की तिरका होतो, पण त्रिकोण आपला आकार सोडत नाही. गावाकडच्या पत्र्याच्या घराची कैची आणि रेल्वेचा लोखंडी पूल यांत त्रिकोणच का असतात, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जाते. येथे ते हाताला कळते.

आता पडद्यावरच्या निर्जीव चित्राला पडायचे कसे, हे कोण शिकवते? त्यासाठी एक स्वतंत्र आज्ञावली असते, तिला फिजिक्स इंजिन म्हणतात. ती साधारणपणे सेकंदाला साठ वेळा प्रत्येक वस्तूची चौकशी करते : तू कोठे आहेस, तुझा वेग किती, तुला कोणी धडकले का, तुझ्याखालचा पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत? गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो. त्याचे साठ भाग केले तर दर वेळी वेगात सुमारे ०.१६ ची भर पडते. इतकी लहान बेरीज, पण ती न कंटाळता करीत राहिल्याने चेंडू खऱ्या चेंडूसारखा वळणदार मार्गाने पडताना दिसतो. मी कला शाखेचा पदवीधर, भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, तरी बेरजेचे हे काम मला लगेच समजले. खेळ बनविणारे कधी कधी गंमत वाढावी म्हणून गुरुत्वाकर्षण थोडे कमी-जास्त करतात, हेही खरे. पण जो नियम ठरविला तो त्या पडद्यापुरता सर्वांना सारखा, हे महत्त्वाचे.

ज्यांना हे सर्व परके वाटते त्यांनी कॅरम आठवावा. चाळीच्या व्हरांड्यात बोर्ड मांडून बसणारी आपली मुले काय करतात? बोरिक पावडर टाकून घर्षण कमी करतात, स्ट्रायकर कोणत्या कोनाने कडेवर आपटला तर राणी खिशात जाईल याचा अदमास घेतात. सूत्र त्यांना ठाऊक नसेल, नियम मात्र बोटांना पाठ असतो. लगोरीची चपटी ठिकरी मोठी खाली आणि लहान वर का ठेवायची, हे कोणा मुलाला शिकवावे लागत नाही. पडद्यावरील कोडे म्हणजे याच ज्ञानाची पुढची इयत्ता होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यातून मनाला विसावा का मिळतो? पहिली गोष्ट, घाई नाही. ॲलेक्सी पाजित्नोव्ह याने १९८४ मध्ये मॉस्को येथे तयार केलेला ‘टेट्रिस’ हाही कोड्याचाच खेळ आहे, पण त्यात ठोकळे वरून येतच राहतात आणि पुढे पुढे अधिक वेगाने येतात. मनोऱ्याचा खेळ आपल्यासाठी थांबतो. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी सांगितलेली आहे. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोहोंच्या मधोमध, उद्दिष्ट स्पष्ट असताना आणि केल्याचा परिणाम ताबडतोब दिसत असताना, माणूस कामात स्वतःला विसरून जातो. त्यांचा या विषयावरील गाजलेला ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. चांगला कोडे-खेळ नेमकी हीच मधली जागा पकडतो.

परंतु माझ्या मते खरे कारण याहून खोल आहे. या खेळात चूक महाग पडत नाही आणि चुकीचे कारण लपविले जात नाही. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी जाता येत नाही, आणि फरक कोठे पडला हे शोधताना कित्येकदा रात्र होते. विद्यार्थ्यांची स्थिती याहून वाईट. गणितात पस्तीस गुण पडले हे त्याला कळते, पण कोणत्या पायरीला पाय घसरला हे बहुतेकदा कोणी सांगत नाही, आणि ‘तुझ्या डोक्यात हे शिरणारच नाही’ असे सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात. ज्या मुलांच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या मनावर हे वाक्य किती खोल चरा उमटविते हे आपण जाणतो. पडलेला मनोरा असे काही म्हणत नाही. उजवीकडे भार जास्त झाला म्हणून पडला, एवढेच तो सांगतो. तो राजाच्या मुलासाठीही तसाच पडतो आणि रंकाच्या मुलासाठीही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अधम्म कशाला म्हणावे हे सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वप्रथम घेतला तो अलौकिकावरील विश्वास. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते माणसाला शोधता येते, हा विचार तेथे मांडलेला आहे. मोबाईलच्या खेळाला धम्माचे मोठेपण चिकटविण्याचा माझा हेतू नाही. पण मनोरा का पडला हे विचारण्याची सवय लहानपणी लागली, तर पुढे पीक का बुडाले, ताप का आला, याचे उत्तर अंगाऱ्यात शोधावेसे वाटणार नाही.

येथे कोणी जाणकार आक्षेप घेईल, की तथागतांनी तर खेळांचा निषेध केला आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, खेळांची लांबलचक यादी आहे हे खरे. आठ घरांचा आणि दहा घरांचा पट, फासे, अक्षरे ओळखणे असे कितीतरी खेळ तिच्यात आहेत. गमतीची गोष्ट अशी, की त्यात ‘सन्तिक’ नावाचा एक खेळ येतो. अट्ठकथेत त्याची रीत दिली आहे : सोंगट्या किंवा खडे एकत्र ढिगाने ठेवायचे आणि बाकीचे न हलविता एकेक नखाने बाजूला काढायचा किंवा आत सारायचा, हलला तर हार. तोल सांभाळण्याचे कोडे इतके जुने आहे! मात्र ती यादी कोणासाठी आहे हे पाहिले पाहिजे. श्रद्धावंतांनी दिलेल्या अन्नावर जगणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांनी आपला काळ यात घालवावा, याला तेथे दोष दिला आहे. गृहस्थांसाठीचा उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे, आणि तेथे संपत्तीच्या नाशाचे दार म्हणून दाखविला आहे तो जुगार : जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो आणि सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

हा भेद आजच्या पालकांना फार उपयोगी आहे. ज्या खेळात कारण डोळ्यांसमोर उघडे असते तो एक प्रकार. ज्यात कारण झाकून ठेवून नशिबाची आशा दाखविली जाते आणि खिशातला पैसा लावायला सांगितले जाते, तो दुसरा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला, तो या दुसऱ्या प्रकारासाठी. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे आणि तेथे सावध राहायला हवे. खेळ फुकट असतो, पण दर दोन कोड्यांनंतर जाहिरात येते. पाच वेळा हरलात, आता अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा, असे सांगितले जाते. ज्या निवांतपणासाठी आपण खेळायला बसलो तोच आधी काढून घ्यायचा आणि मग विकायचा, असा हा व्यवहार आहे.

फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये काढलेला ‘अँग्री बर्ड्स’ आठवा. गलोलीने पक्षी उडवून लाकडाचे व दगडाचे मनोरे पाडण्याचा तो खेळ जगभर घरोघरी गेला. नंतर मूळ खेळ बाजारातून नाहीसा झाला. २०२२ मध्ये कंपनीने तो पुन्हा आणला, तोही एकदाच थोडे पैसे भरून कायमचा मिळणारा, आत खरेदीची भानगड नसलेला. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत गूगल प्लेवरून तो काढून घेतला. कारण कंपनीनेच सांगितले, की या खेळाचा आपल्या इतर खेळांवर परिणाम होतो आहे. साधा खेळ लोकांना आवडतो हीच अडचण ठरली, असाच याचा अर्थ मी घेतो.

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की खेळायचे तर चाल करण्यापूर्वी काय होईल ते मनाशी सांगा, आणि झाले वेगळे तर का झाले ते विचारा. ‘कट द रोप’ या खेळात दोरीला टांगलेली गोळी झुलते. दोरी लांब केली की झोका सावकाश होतो, हे पाहून घरी सुतळीला किल्ली बांधून पाहा. किल्लीच्या जागी कुलूप बांधले तरी, दोरी तेवढीच ठेवल्यास, झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. केवळ खेळून भौतिकशास्त्राचे गुण वाढत नाहीत, वही-पेन्सिलीला पर्याय नाही. आणि झोप मोडून खेळलेला शांत खेळसुद्धा शांत राहत नाही.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक हकिकत. ‘अँग्री बर्ड्स’मधील पडझडीचा हिशेब करणारे इंजिन रोव्हिओने तयार केलेले नव्हते. त्याचे नाव ‘बॉक्स टू डी’, आणि एरिन कॅटो या गृहस्थाने ते लिहून सर्वांसाठी मोफत खुले केले होते. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे खेळ बनविणाऱ्यांची परिषद भरली असता, रोव्हिओच्या प्रतिनिधीला श्रोत्यांतील एकाने विचारले की तुम्ही कोणते इंजिन वापरता. ‘बॉक्स टू डी’ असे उत्तर मिळाल्यावर त्याने पुन्हा विचारले, मग त्याचे श्रेय खेळात द्याल का? प्रतिनिधीने होकार दिला. तेव्हा त्या श्रोत्याने सांगितले, की मीच एरिन कॅटो. ज्याच्या श्रमावर कोट्यवधींचा खेळ उभा राहिला त्याला आपले नाव असे मागून घ्यावे लागले. ते इंजिन आजही मोफत आहे, त्याची संपूर्ण आज्ञावली कोणालाही वाचता येते, आणि सी भाषा शिकलेल्या विद्यार्थ्याला ती आपल्या अभ्यासिकेतील संगणकावरही उतरवून घेता येईल.