मोजणीबाहेरचे हितसंबंधी

अलीकडे कोणत्याही मोठ्या प्रकल्पाचा अहवाल उघडला की दोन शब्द हमखास भेटतात. एक 'शाश्वतता' आणि दुसरा 'हितसंबंधी'. उद्योगपती हे शब्द वापरतात, सरकारी अधिकारी वापरतात, कर्ज देणाऱ्या बँकाही वापरतात. शब्द निरुपद्रवी दिसतात. निसर्ग टिकला पाहिजे आणि संबंधितांना विश्वासात घेतले पाहिजे, याला कोण नाही म्हणणार? परंतु ज्या शब्दांना कोणीच नाही म्हणत नाही, ते शब्द अधिक बारकाईने तपासावे लागतात. शाश्वततेचा प्रश्न हा केवळ झाडांचा, पाण्याचा आणि मासळीचा प्रश्न नाही. तो आधी मोजणीचा प्रश्न आहे. प्रकल्पामुळे ज्यांचे जगणे बदलते त्यांची यादी कोण करतो, त्या यादीत कोण येतो, आणि यादीत आलेल्यांपैकी कोणाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो, हे तीन प्रश्न टाळून केलेली शाश्वततेची चर्चा पोकळ ठरते.

प्रथम संकल्पना समजावून घेऊ. पूर्वी कंपनी आपल्या भागधारकांना, म्हणजे भांडवल गुंतवणाऱ्यांना, उत्तरदायी मानली जाई. १९८४ साली एडवर्ड फ्रीमन या अमेरिकन अभ्यासकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना विस्तारली. कंपनीच्या कामावर जे परिणाम करू शकतात आणि ज्यांच्यावर त्या कामाचा परिणाम होतो, ते सर्व हितसंबंधी, अशी ती मांडणी आहे. तीत कामगार आले, ग्राहक आले, माल पुरवणारे आले, भोवतालचा समाजही आला. हे पाऊल पुढचे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु या व्याख्येत दोन वेगळी माणसे शेजारी बसवली आहेत. परिणाम करू शकतो त्याच्याजवळ सत्ता असते. परिणाम भोगतो त्याच्याजवळ ती असतेच असे नाही. व्यवहारात पहिल्याला बैठकीचे निमंत्रण जाते आणि दुसऱ्याला निर्णय कळवला जातो. 'हितसंबंधी सांभाळणे' असा शब्दप्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गात रूढ आहे. सांभाळणे आणि उत्तर देणे यांत अंतर आहे, ते विद्यार्थ्यांना दाखवून दिले पाहिजे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. येथे खोती होती. गावचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ तो खोत. जमीन कसणारी कुळे त्याच्या मर्जीवर. सरकारच्या दृष्टीने गाव म्हणजे खोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी याच मोजणीला हात घातला होता. कसणारा हा जमिनीचा खरा संबंधी आहे आणि सरकारने त्याच्याशी थेट नाते जोडले पाहिजे, हा त्याचा गाभा. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. कुळांना त्यातून वाट मिळाली. पण ज्यांच्याजवळ कुळपणाही नव्हता, नुसते हात होते, त्यांची नावे कोणत्या कागदावर यायची?

मी अशाच घरातला. मांडवीला राहतो, महाविद्यालयात शिकवतो, आणि पदवीपर्यंत पोहोचलेला आमच्या घरातला पहिला माणूस आहे. माझ्या आजोबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या बागांत आळी खणली आणि पाणी घातले. सातबाऱ्यावर त्यांचे नाव कधी आले नाही. अशा घरातून आलेल्या माणसाला कोणत्याही कायद्यात 'बाधित' या शब्दाची व्याख्या आधी शोधावीशी वाटते.

ती व्याख्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सापडते, आणि ती चांगली आहे. ज्याची जमीन गेली तोच बाधित, हे जुने गृहीत या कायद्याने सोडले. ज्या कुटुंबाजवळ जमीन नाही, पण संपादनापूर्वी तीन वर्षे जे त्या भागात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून राबत होते आणि ज्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन जाते, तेही बाधित. पाण्यावर पोट असलेले मच्छीमार आणि नावाडीही बाधित. परंतु त्याच कायद्यातले संमतीचे कलम वाचा. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. मात्र ही टक्केवारी केवळ जमीन किंवा अन्य स्थावर मालमत्ता जाणाऱ्यांची आणि सरकारने दिलेली जमीन जाणाऱ्यांची मोजायची. भूमिहीन पुनर्वसनाच्या यादीत आहे, संमतीच्या यादीत नाही. त्याला भरपाईचा अर्ज करता येतो, नकार देता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतींसाठी जमीन घेतली जाते ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली. तेथे ही ८० टक्क्यांची अटही आड येत नाही.

आता एका प्रत्यक्ष प्रकल्पाकडे पाहू. १९९२ साली स्टरलाइट कंपनीला तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यासाठी रत्नागिरीत सुमारे ५०० एकर जमीन देण्यात आली. आंबा आणि मासळी यांवर जगणाऱ्या लोकांनी विरोध केला, आंदोलन पेटले, आणि जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवण्याचा आदेश दिला. हा विजय होता आणि तो आजही आपण अभिमानाने सांगतो. पण पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. कारखाना रद्द झाला नाही, तो हलला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तुतिकोरिनला, म्हणजे आजच्या तूत्तुकुडीला, तो उभा राहिला. तेथील लोकांनी वर्षानुवर्षे प्रदूषणाविरुद्ध लढा दिला. २२ मे २०१८ रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ माणसे मेली. त्यानंतर सहा दिवसांनी राज्य सरकारने कारखाना बंद करण्याचा आदेश काढला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली.

यातून काय शिकायचे? ज्या किनाऱ्याचा आवाज मोठा तेथून धोका निघतो आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. 'आमच्या गावात नको' एवढीच मागणी असेल, तर आपण हितसंबंधीयांच्या यादीत आपले नाव घातले आणि दुसऱ्याचे विसरलो, असे होते. गावकुसाबाहेर ढकलले जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले, त्यांनी तरी धोक्याची अशी ढकलाढकल मान्य करू नये.

प्रकल्प एका जागी उभा असतो, म्हणून तो दिसतो. पुरवठ्याची साखळी मात्र पसरलेली असते आणि तिची टोके एकमेकांना दिसत नाहीत. मांडवीहून जवळच असलेले मिरकरवाडा बंदर घ्या. नौकामालक, तांडेल, खलाशी, मासळी निवडणाऱ्या आणि पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका, बर्फवाले, दलाल, प्रक्रिया करणारे कारखाने, निर्यातदार, आणि शेवटी परदेशातील ग्राहक, अशी ही साखळी. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी पकडीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्यात नौकेचे नाव, नोंदणी, मासळीची जात, वजन आणि पकडीचे क्षेत्र लिहावे लागते. समुद्र टिकावा म्हणून हे योग्यच आहे. पण खलाशाला मजुरी किती मिळाली, निवडणारी बाई किती तास उभी होती, याचा रकाना त्यात नाही. मासा कुठून आला हे कळते, तो कोणाच्या हातांतून आला हे कळत नाही.

मासळी टिकवण्याच्या उपायांचेही असेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीची बंदी असते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घातल्या. रापण ओढणाऱ्या लहान मच्छीमारांची ती मागणी होती आणि ती न्याय्य होती. तरीही हिशेब पूर्ण केला पाहिजे. बंदीच्या दोन महिन्यांत मालकाची नौका किनाऱ्यावर उभी राहते, पण ती त्याचीच राहते. रोजावर मासळी निवडणाऱ्या बाईजवळ उभे करून ठेवायला काही नसते. समुद्र सर्वांसाठी टिकवायचा आणि त्याची किंमत सर्वांत कमी मिळवणाऱ्याने भरायची, याला शाश्वतता म्हणता येणार नाही.

तपासणीचे कागद वाढले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. तेथे युरोप-अमेरिकेतील कंपन्यांसाठी कपडे शिवले जात. आतल्या काही कारखान्यांची तपासणी आधी झालेली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत जावे लागले, कारण त्यांना नकार देण्याची सोय नव्हती. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने आघाडीच्या १००० कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. त्यात प्रत्येक हितसंबंधी गटापुढे 'हा गट दुर्बल आणि वंचित आहे काय' असा रकाना आहे. होय किंवा नाही लिहायचे. हे उत्तर कंपनी लिहिते. वंचित कोण, हे वंचितांना विचारून ठरत नाही.

मग करायचे काय? नुसता निषेध पुरणार नाही. उपलब्ध वाटा वापरल्या पाहिजेत. त्यांतली एक म्हणजे जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना सुनावणी लागू आहे, तेथे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. सुनावणीत बोलायला सातबारा लागत नाही. स्थानिक बाधित असणे पुरते. आणि शेवटी कामकाजाचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. तो वाचून होईपर्यंत कार्यकर्त्यांनी जागा सोडू नये, आणि आपले म्हणणे लेखीही द्यावे.

दुसरी वाट आपली आपणच तयार करायची आहे. कंपनीची यादी येण्याआधी गावाची यादी तयार हवी. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकेका वाडीत बसून साध्या वहीत लिहावे: जमीन कोणाची, ती राबतो कोण, वर्षात किती दिवस, किती रोजावर, कोणत्या पाण्यावर कोणाचे पोट आहे, हंगाम नसताना काय खातात. २०१३ च्या कायद्यातली 'तीन वर्षे' सिद्ध करायला उद्या हीच वही उपयोगी पडेल. तिच्यावर तारीख घालावी आणि ती ग्रामसभेपुढे वाचावी. बायकांची नावे नवऱ्याच्या नावाखाली न लिहिता स्वतंत्र लिहावीत.

अशा वहीने संमतीचा अधिकार लगेच मिळणार नाही. त्यासाठी कायद्यातील संमतीची व्याख्याच बदलण्याची मागणी करावी लागेल, आणि ती भूमिहीनांनीच पुढे होऊन करावी लागेल. पण मागणी करणारा किती आहे आणि कोण आहे, हे आधी कागदावर आले पाहिजे. कसणाऱ्याचे नाव सरकारदरबारी आणण्यासाठी या जिल्ह्यात एक मोठा लढा झाला. राबणाऱ्याचे नाव आणण्याचा लढा अजून व्हायचा आहे.