चुकलेला सौदा सोडण्याचे शहाणपण

बाजारात पैसा कोणी किती कमावला, याच्या कथा चवीने सांगितल्या जातात. तो टिकवला कसा, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. अमेरिकी गुंतवणूकदार स्टॅनली ड्रकनमिलर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९८१ साली त्यांनी ड्यूकेन कॅपिटल ही संस्था काढली आणि २०१० साली बाहेरच्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करून फंड बंद करत असल्याचे जाहीर केले. या तीन दशकांत फंडाने वर्षाला सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास परतावा दिला आणि एकही वर्ष तोट्यात गेले नाही. याचा अर्थ त्यांचे अंदाज चुकले नाहीत, असा नव्हे. ते चुकले आणि तेही मोठ्या रकमेनिशी.

ड्रकनमिलर हे 'मॅक्रो' पद्धतीचे गुंतवणूकदार. एकेका कंपनीच्या ताळेबंदावर भर देण्याऐवजी देशोदेशीचे व्याजदर, चलने, सरकारी रोखे आणि शेअर बाजार यांची दिशा ओळखून सौदे करायचे, अशी ही पद्धत आहे. भाव चढेल असे वाटले तर खरेदी करायची. उतरेल असे वाटले तर आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायचे. असे सौदे बहुधा उसन्या पैशाच्या बळावर होत असल्याने नफा फुगतो, तसाच तोटाही.

या धोक्याचा अनुभव त्यांना १९८७ मध्ये आला. शुक्रवार, १६ ऑक्टोबर रोजी बाजार पुरेसा घसरला असे मानून त्यांनी मंदीचे सौदे मिटवले आणि भांडवलाच्या १३० टक्के इतकी खरेदी केली. शनिवार-रविवारी आपण साफ चुकल्याचे त्यांच्या लक्षात आले. सोमवारी बाजार मोठी घसरण घेऊनच उघडला. भाव सावरण्याची वाट न पाहता त्यांनी सुरुवातीच्या तासाभरातच सारी खरेदी विकून टाकली आणि पुन्हा मंदीची बाजू धरली. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्क्यांनी कोसळला.

या तत्परतेमागे साधे गणित आहे. भांडवलात १० टक्के घट झाली, तर ती भरून काढण्यास ११ टक्क्यांची वाढ पुरते. ५० टक्के घट झाली, तर उरलेली रक्कम दुप्पट व्हावी लागते. मोठा तोटा टाळणे हा म्हणूनच मोठ्या परताव्याचा पाया ठरतो.

सावधगिरी म्हणजे नेहमी छोटे सौदे करणे, असेही नाही. १९८८ मध्ये ड्रकनमिलर जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडात दाखल झाले. १९९२ साली ब्रिटनने पौंडाचा भाव जर्मन मार्काच्या तुलनेत ठरावीक पट्ट्यात राखण्याचे बंधन स्वीकारलेले होते. एकीकरणानंतरची महागाई रोखण्यासाठी जर्मनीने व्याजदर चढे ठेवले होते. मंदीने ग्रासलेल्या ब्रिटनला ते पेलवत नव्हते. पौंड पट्ट्याच्या तळाशी आला होता. तो सावरला तरी विकणाऱ्याचे नुकसान थोडे होते. बंधन तुटले तर लाभ प्रचंड होता. ड्रकनमिलर यांनी मोठ्या विक्रीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा खात्री इतकी असेल तर सौदा आणखी मोठा हवा, अशी सोरोस यांची भूमिका होती. १६ सप्टेंबरला ब्रिटनने व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ टक्क्यांची घोषणाही केली. तरीही सायंकाळी माघार घ्यावी लागली. फंडाला सुमारे १ अब्ज डॉलरचा नफा झाला.

याच शिस्तीला त्यांनी स्वतः एकदा मुरड घातली. १९९९ च्या अखेरीपर्यंत तंत्रज्ञान कंपन्यांच्या तेजीत फंडाने चांगली कमाई केली होती आणि त्यांनी ते शेअर विकलेही होते. पण भाव चढतच राहिले, सहकारी नफा कमावत राहिले. हे न पाहवून २००० च्या सुरुवातीला, तेजी शिखराला पोहोचली असताना, त्यांनी पुन्हा मोठी खरेदी केली. मार्चमध्ये नॅसडॅक घसरू लागला आणि सहा आठवड्यांत सुमारे ३ अब्ज डॉलर बुडाले. एप्रिलमध्ये त्यांनी सोरोस यांची संस्था सोडली. यातून नवे काही शिकलो नाही, कारण असे करू नये हे २५ वर्षांपासून ठाऊकच होते, अशी कबुली त्यांनी पुढे दिली.

त्यानंतर काही महिने ते बाजारापासून दूर राहिले. परतल्यावर अर्थव्यवस्था मंदावत असल्याचे ओळखून त्यांनी अमेरिकी सरकारी रोख्यांत मोठी गुंतवणूक केली. व्याजदर उतरण्याच्या अपेक्षेने रोख्यांचे भाव वधारले आणि ड्यूकेनने ते वर्षही नफ्यात संपवले. २००८ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे ३८ टक्क्यांनी घसरला, तेव्हाही ड्यूकेन नफ्यातच राहिला.

उसन्या पैशावरचे असे सौदे पगारदार बचतदाराने करून पाहावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. घ्यायचा तो विचार इतकाच, की खरेदीपूर्वी 'किती मिळेल' याआधी 'चुकलो तर किती जाईल आणि ते सोसेल का' हे विचारावे. आणि ज्या कारणासाठी खरेदी केली ते कारणच उरले नाही, तर खरेदीचा भाव परत येण्याची वाट पाहू नये. आपण कोणत्या भावाला घेतले, हे बाजाराला ठाऊक नसते.