लाकडी नॉब बनवताना बोटं सुरक्षित ठेवणारं घरगुती जिग

कपाटाचा लाकडी नॉब जेमतेम 40 मिलिमीटरचा. एवढा तुकडा हातात धरून डिस्क सँडरवर घासणं धोक्याचं. सावंतवाडीचे खेळणी कारागीर लाकूड लेथमध्येच पकडतात, म्हणून हात हत्यारावर राहतो. लेथ नसेल तर जिग करावं.

18 मिलिमीटर प्लायच्या तुकड्यात 6 मिलिमीटरची पिन उभी ठोकायची आणि प्लाय सँडरच्या टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळायचा. होल-सॉने काढलेल्या चकतीला मधोमध भोक असतंच, ते पिनवर बसतं. चकतीच्या मागच्या बाजूला लांब दांडा दोन स्क्रूंनी जोडायचा. एका स्क्रूवर तो सैल पडतो. दांडा सावकाश फिरवला की कड एकसारखी गोल होते आणि बोटं दूर राहतात. स्क्रूची भोकं कपाटाकडे झाकली जातात, पुढचं भोक लाकडी गुल्लीने बुजवता येतं.

पिन नेहमी सँडरची डिस्क खाली जाते त्या बाजूला असावी, नाहीतर तुकडा उसळतो. हातमोजे नकोत, ते यंत्रात ओढले जातात. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या भागात भुसा शेजाऱ्यांकडे उडू नये म्हणून व्हॅक्यूम जोडावा. मास्क आणि गॉगल तर हवेतच.